मूल वाचतं पण कळत नाही? मग हे करून बघा

माझी लेक दुसरीत होती तेव्हा "आईने बाजारातून कोथिंबीर आणली" हे वाक्य तिने को... थिं... बी... र... करत वाचलं, एक चूक नाही, आणि आईने काय आणलं विचारलं तर गप्प! पोर हुशार आहे हो, पण सगळं लक्ष अक्षरं जुळवण्यातच संपत होतं, र पर्यंत पोचेस्तोवर को विसरलेली असायची. अक्षरं न अडखळता ओळखता यायला लागली की तेच लक्ष अर्थाकडे वळतं, म्हणून सराईत वाचन लागतं.

आपल्या लिपीत अडायच्या जागाही ठरलेल्या आहेत. "कि" मधली वेलांटी आधी दिसते पण म्हणायची नंतर, "सूर्य" मधला रफार य च्या डोक्यावर पण म्हणायचा य च्या आधी, आणि "चार" नि "चारा" मधला च तर शब्द ओळखीचा असल्याशिवाय बरोबर म्हणताच येत नाही. असे अडलेले शब्द वहीत लिहून ठेवा, रोज चार-पाच पुरे.

मग रोज 15 मिनिटं काढा. उतारा छोटा घ्या, 50 ते 100 शब्दांचा, दहा शब्दांत एकापेक्षा जास्त अडत असेल तर सरळ दुसरा घ्या. (प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या वेबसाइटवर मराठी गोष्टी फुकट आहेत, लेव्हलप्रमाणे.) आधी तुम्ही वाचा, शब्दांखालून बोट फिरवत, मग दोघं एका सुरात, मग मूल एकटं. तोच उतारा तीन-चार दिवस, कंटाळतील असं वाटतं पण झोपताना तीच गोष्ट परत मागणारी हीच मुलं ना.

मला सगळ्यात जास्त उपयोग झाला तो पेन्सिलच्या रेघांचा. "आजी / अंगणात बसून / शेंगा सोलत होती". रेघेपाशी थांबायचं, मध्ये नाही. शब्द असे जोडीने आले की वाक्य बोलल्यासारखं वाटतं आणि अर्थ लागतो.

अडलं की लगेच सांगू नका, मनात तीन आकडे मोजा. स्टॉपवॉच तर कृपा करून नको, मुलं पूर्णविराम गिळत धावतात. वाचून झालं की पुस्तक मिटून फक्त "काय झालं गं गोष्टीत?" एवढं विचारा.

शेंगांच्या उताऱ्याला चौथ्या दिवशी मी विचारायच्या आधी तीच म्हणाली, "आई, आजी एवढ्या शेंगा कोणासाठी सोलत होती?"