नवा कॅमकॉर्डर: पहिली ऑर्डर घेण्याआधीचे आठ दिवस

दुकानातल्या एसीत, ट्यूबच्या उजेडात पाच मिनिटं चालवला तर कुठलाही कॅमकॉर्डर चांगलाच दिसतो. त्याची खोड कळते ती एप्रिलमधल्या लग्नात, पत्र्याच्या शेडखाली, सलग दीड तास रेकॉर्डिंग झाल्यावर. तेव्हा ना दुकानदार जवळ असतो ना दुसरा कॅमेरा. म्हणून खरेदी आणि पैशाची पहिली ऑर्डर यांच्यात निदान आठ दिवस ठेवावेत. अक्षय्य तृतीयेच्या आदल्या दिवशी नवा कॅमेरा आणून दुसऱ्या दिवशी मंडपात उभा करणं म्हणजे पार्टीच्या लग्नात स्वतःची परीक्षा देणं. ऑनलाइन घेतला असेल तर परत करण्याची मुदत किती दिवसांची आहे ते आधी वाचा. सगळ्या चाचण्या त्या मुदतीत बसल्या पाहिजेत.

खोका उघडताना

बिलावरचा सिरियल नंबर, खोक्यावरचा आणि बॉडीखालचा असे तिन्ही जुळतात का पाहा. वॉरंटी भारतातली आहे का, हे बिलावरच लिहून घ्या. काही व्यावसायिक मॉडेलांच्या मेनूत अवर मीटर असतो, म्हणजे कॅमेरा आजवर किती तास चालला त्याचा आकडा. नव्या कॅमेऱ्यात तो शून्याच्या आसपास हवा. दोन-तीनशे तास दिसले तर तो डेमोला फिरलेला पीस आहे, आणि भावही तसाच लागला पाहिजे.

दुसरी गोष्ट सिस्टिम फ्रिक्वेन्सी, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम हा कॅमेऱ्याचा मूळ ताल. परदेशातून आलेला कॅमेरा बऱ्याचदा ५९.९४ वर असतो. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूब आणि साधे एलईडी सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. डोळ्याला ते दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसतं. २५ किंवा ५० फ्रेम आणि शटर (एका फ्रेमला उजेड घेण्याचा वेळ) १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवलं की मेळ बसतो. ६० फ्रेमला शटर १/६० राहिलं तर चित्रावर काळपट पट्टे सरकत राहतात, आणि ते एडिटिंगमध्ये सहजासहजी जात नाहीत. मेनूत ५० चा पर्यायच नसेल तर तो कॅमेरा इथल्या कामासाठी घेऊ नका. फ्रिक्वेन्सी बदलली की बरेच कॅमेरे कार्ड पुन्हा फॉरमॅट करायला सांगतात, तेव्हा हे काम कार्ड रिकामं असतानाच उरका.

मंडपातल्या जनरेटरवर आणखी एक गंमत होते. लोड वाढला-उतरला की त्याची फ्रिक्वेन्सी नेमक्या ५० वर टिकत नाही. स्टेजमागच्या एलईडी स्क्रीनचा तर स्वतःचाच वेगळा ताल असतो. पट्टे दिसले तर मेनूत क्लिअर स्कॅन, सिंक्रो स्कॅन किंवा ईसीएस शोधा. नाव कंपनीप्रमाणे बदलतं, काम एकच: शटर बारीक-बारीक सरकवत पट्टा थांबेपर्यंत न्यायचं. ही सोय कुठल्या बटणावर आहे ते घरीच पाठ करा. अंतरपाट धरल्यावर मेनू उघडून बसता येत नाही.

लेन्स आणि सेन्सर

लेन्सवर टोपी लावा, आयरिस (लेन्समधलं उजेडाचं छिद्र) बंद करा, गेन (सेन्सरच्या सिग्नलला दिलेली वाढ) १८ डीबी, शटर १/५०. दोन मिनिटं रेकॉर्ड करून मोठ्या टीव्हीवर बघा. काळ्यात न हलणारा पांढरा, लाल किंवा निळा ठिपका दिसला तर तो हॉट पिक्सेल. हीच चाचणी कॅमेरा ४० मिनिटं चालून गरम झाल्यावर पुन्हा करा, कारण उष्णतेने हे ठिपके वाढतात. टोपी लावूनच मेनूतलं ब्लॅक बॅलन्स किंवा एपीआर (असे ठिपके आपोआप बुजवणारी सोय) चालवलं की बहुतेक ठिपके जातात. त्यानंतरही राहिले तर वॉरंटीत द्या.

मग भिंतीवर वर्तमानपत्राची दोन-चार पानं सपाट चिकटवा. कॅमेरा स्टँडवर, भिंतीला अगदी समांतर. तिरका ठेवला तर कोपऱ्यातला धूसरपणा लेन्सचा नसेल, तुमचा असेल. एफ/४ वर (एफचा आकडा जितका मोठा, तितका आयरिस बंद) वाइड, मधला आणि पूर्ण टेली असे तीन शॉट घ्या आणि चारही कोपऱ्यांतली बारीक अक्षरं वाचा. एकच कोपरा सतत पुसट असेल तर आतलं एखादं भिंग तिरकं बसलं आहे. आता ऑटोफोकस बंद करा, पूर्ण झूम करून अक्षरावर फोकस लावा आणि हळूहळू वाइडला या. वाइडला येताना चित्र मऊ पडलं तर बॅकफोकस (लेन्स आणि सेन्सर यांतल्या अंतराचा मेळ) बिघडलाय. हे घरी दुरुस्त होत नाही.

एनडी फिल्टरला, म्हणजे उजेड कमी करणाऱ्या करड्या काचेला, इथे पर्याय नाही. मेच्या उन्हात शटर १/५० आणि गेन शून्य ठेवलं, तर आयएसओ ४०० च्या तोडीच्या कॅमेऱ्याला एफ/४५ लागेल, आणि तेवढी बंद होणारी लेन्स कॅमकॉर्डरला नसते. लहान सेन्सरवर एफ/११ च्या पुढे चित्र तसंही मऊ पडतं. १/६४ चा एनडी सहा स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा) खातो आणि तुम्हाला एफ/५.६ वर आणून सोडतो. ऊन जास्त म्हणून शटर १/१००० करणारे पुष्कळ आहेत. मग वरातीत नाचणारी पोरं तुटक-तुटक हलताना दिसतात. प्रत्येक एनडीवर पांढऱ्या कागदाचा एकेक शॉट घेऊन रंग तपासा. थोडी छटा येतेच, म्हणून एनडी बदलला की व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरंच दिसावं म्हणून रंग जुळवणं) नव्याने घ्यायचा.

रंग आणि उजेड: घरचेच नमुने

टेस्ट चार्ट विकत आणायची गरज नाही. हिमरू शाल, पैठणीचा पदर आणि बारीक चौकटीचा शर्ट दोरीवर टांगा आणि हळू पॅन करा. विणीवर इंद्रधनुषी लाटा उठल्या तर त्याला मोआरे म्हणतात. डिटेल किंवा शार्पनेस दोन-तीन घर खाली आणून पाहा. नाहीच गेल्या तर नवरीच्या क्लोजअपला थोडा झूम बदलायचा, एवढं लक्षात ठेवायचं.

उजेडासाठी मात्र आपल्याकडचा नमुना सगळ्यात अवघड आहे: उन्हात उभा शेतकरी, पांढरंशुभ्र धोतर, पांढरी टोपी, उन्हानं रापलेला चेहरा आणि मागे काळं रान. ऑटो आयरिस काळ्या रानाकडे बघून उघडतो आणि टोपी सपाट पांढरी करून टाकतो. झेब्रा (ठरावीक उजेडापर्यंत पोचलेल्या भागावर पडद्यात दिसणाऱ्या रेघा) ९५ ते १०० टक्क्यांवर ठेवा, टोपीवर रेघा येऊन जेमतेम नाहीशा होतील इथवर आयरिस बंद करा. चेहरा मग ५० ते ६० टक्क्यांच्या आसपास येतो. पुस्तकातला ७० टक्क्यांचा नियम गोऱ्या कातडीवरून आलेला आहे. तो इथे लावला तर चेहरे धुतल्यासारखे दिसतात.

पिवळ्या-गुलाबी कापडाच्या मंडपात ऊन गाळून येतं आणि सगळ्यांना रंगवतं. पांढरा कागद कॅमेऱ्याजवळ धरून उपयोग नाही. नवरा-नवरी उभे राहतील तिथे, त्यांच्या चेहऱ्याच्या उंचीवर, कॅमेऱ्याकडे तोंड करून धरायला लावा. रात्रीच्या लाल-निळ्या स्टेजलाइटमध्ये झेब्रा फसवतो. तो एकूण उजेड मोजतो, एकट्या लाल रंगाचा अतिरेक त्याला कळत नाही. तिथे एक स्टॉप खालीच राहा.

अंधारासाठी एक खोली आणि एक दिवा पुरे. गेन ०, ६, १२, १८ डीबी अशा चढत्या क्रमाने तीस-तीस सेकंद घ्या आणि प्रत्येक शॉटला सेटिंग तोंडाने बोला: ‘बारा डीबी, एफ चार’. नंतर टीव्हीवर बघताना वही शोधावी लागत नाही. दर ६ डीबीला एक स्टॉप मिळतो आणि दाणेही वाढतात. तुम्हाला चालेल तो शेवटचा आकडा ठरवा आणि ऑटो गेनची मर्यादा तिथेच बांधा. देवगिरी किल्ल्याच्या अंधारीत (काळोख्या भुयारी वाटेत) किंवा वेरूळच्या लेण्यांत जाऊन चाचणी करायचा मोह होतो. तिथे स्टँड आणि लाइट लावायला पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते.

आवाज

हात कापतात ते इथेच. चित्र थोडं हललं तर पार्टी चालवून घेते, पण महाराजांचं कीर्तन फाटलं तर पैसे अडकतात.

एक्सएलआरच्या (तीन पिनांच्या माइक जोडणीच्या) प्रत्येक इनपुटला तीन जागा असतात: लाइन, माइक आणि माइक अधिक ४८ व्होल्ट. साउंडवाल्याच्या मिक्सरचा आउटपुट लाइनवर घ्या. तो माइकवर राहिला तर आवाज फाटतो आणि लेव्हलचा नॉब कमी करूनही फाटलेलाच राहतो, कारण नॉबच्या आधीच्या टप्प्यावर तो चिरडलेला असतो. ४८ व्होल्ट फक्त कंडेन्सर माइकला. मिक्सर किंवा वायरलेस रिसीव्हर जोडताना ते बंदच हवं.

साउंडवाल्याकडे मास्टर आउट मागू नका, ऑक्स (मिक्सरचा वेगळा जादा आउटपुट) मागा, तोही प्री-फेडर. म्हणजे भोंग्याचा आवाज कमी केला तरी तुमचा कमी होत नाही. पहिल्या चॅनेलवर मिक्सर, दुसऱ्यावर कॅमेऱ्यावरचा शॉटगन माइक. हा दुसरा का, तर गावच्या सप्ताहात माइक महाराजांपुढे आणि फार तर पखवाजापुढे असतो. टाळकरी आणि समोर बसलेलं गाव मिक्सरमध्ये येतच नाही. नुसत्या मिक्सरवरचं कीर्तन रिकाम्या खोलीत चालल्यासारखं वाटतं.

ऑटो लेव्हल बंद. हलगी किंवा संबळ समोर ठेवून हे एकदा तपासाच. थाप पडली की ऑटो आवाज दाबतो, मग हळूहळू वर आणतो, तोवर दुसरी थाप. सगळं रेकॉर्डिंग धापा टाकतं. हाताने लेव्हल लावा: बोलणं उणे २० डीबीच्या आसपास, जोरातली थाप उणे ६ च्या वर नको, लिमिटर (आवाज फाटण्याआधी अडवणारी सोय) चालू. माइक एकच असेल तर तोच दोन्ही चॅनेलना द्या आणि दुसरा १० डीबी खाली ठेवा. पहिला फाटला तर दुसरा वाचवतो.

कानात सतत ‘घूं’ येत असेल तर आधी कॅमेरा अडॅप्टरवरून काढून बॅटरीवर घ्या. थांबलं, तर दोन वेगळ्या अर्थिंगमुळे झालेला लूप आहे. बॅटरीवरच काम करा, नाहीतर मध्ये डीआय बॉक्स (आवाजाच्या वायरीत जोडायची डबी) टाकून ग्राउंड लिफ्ट करा, म्हणजे फक्त आवाजाच्या वायरीतला अर्थ सोडवा. प्लगची अर्थिंग पिन तोडायचा जुगाड कुणी सुचवला तर ऐकू नका. ओल्या मंडपात तीच पिन जीव वाचवते.

आवाज आणि ओठ यांचा मेळही पाहा. हवेतून आवाज एका फ्रेमच्या वेळात, म्हणजे २५ फ्रेमला ४० मिलिसेकंदांत, सुमारे १४ मीटर जातो. कॅमेरा मंडपाच्या शेवटी २८ मीटरवर असेल तर शॉटगनचा आवाज मिक्सरच्या दोन फ्रेम मागे येतो आणि दोन्ही मिसळले की घुमल्यासारखं वाटतं. एडिटिंगमध्ये शॉटगनचा ट्रॅक दोन फ्रेम आधी सरकवला की झालं.

कार्ड, ऊन आणि बॅटरी

हिशेब सोपा आहे. १०० एमबीपीएसला (सेकंदाला १०० मेगाबिट) तासाला ४५ जीबी, ५० ला साडेबावीस. १२८ जीबीचं कार्ड १०० वर सुमारे पावणेतीन तास जातं. कार्डावर व्ही३० लिहिलेलं असलं की सेकंदाला निदान ३० एमबी टिकून लिहिण्याची हमी असते आणि १०० एमबीपीएसला सेकंदाला साडेबाराच लागतात, तेव्हा ते पुरतं. अडचण नकली कार्डांची आहे. एच२टेस्टडब्ल्यू हे फुकट सॉफ्टवेअर कार्ड पूर्ण भरून परत वाचतं. नकली कार्डावर १२८ छापलेलं असलं तरी चाचणीत तीस-बत्तीसच निघतात.

आता सगळ्यात कंटाळवाणी, पण टाळू नये अशी चाचणी. दुपारी दोन वाजता, पंखा बंद करून, दोन्ही स्लॉटांत कार्ड टाकून रिले मोडवर (एक भरलं की आपोआप दुसऱ्यावर) रेकॉर्डिंग सुरू करा आणि पहिलं कार्ड भरेपर्यंत हात लावू नका. सुरुवातीला एक टाळी, शेवटी एक टाळी. नंतर तीन गोष्टी तपासा: दुसऱ्या कार्डावर जाताना फ्रेम सुटली का, उष्णतेची खूण पडद्यावर आली का, आणि शेवटच्या टाळीलाही ओठ-आवाज जुळतात का. बहुतेक कंपन्यांच्या पुस्तिकेत चालण्याचं तापमान ४० अंशांपर्यंतच दिलेलं असतं. परभणी-नांदेडकडे मेमध्ये सावलीतच पारा त्याच्या वर जातो. त्यामुळे स्टँडला पांढरी छत्री बांधणं, दोन शॉटांच्या मध्ये एलसीडी मिटणं आणि कॅमेरा बंद गाडीत कधीच न ठेवणं हे कामाचाच भाग समजा. प्रत्यक्ष ऑर्डरीला मात्र रिले नको, दोन्ही कार्डांवर एकाच वेळी रेकॉर्डिंग ठेवा.

बॅटरीवर लिहिलेले वॉट-अवर भागिले कॅमेऱ्याचे वॉट, म्हणजे तास. ४७ वॉट-अवर आणि १२ वॉट असतील तर कागदावर जवळपास चार तास होतात. प्रत्यक्षात तीन धरा. रिकाम्या कार्डावर एकदा रेकॉर्डिंग चालू असताना बॅटरी काढून पाहा: पुन्हा चालू केल्यावर कॅमेरा ती क्लिप दुरुस्त करून देतो का? लाइट गेल्यावर काय हाती राहील ते यावरून कळतं.

फुफाटा, भंडारा, गुलाल

लेन्सवर यूव्ही फिल्टर पहिल्या दिवसापासून. माळेगावच्या यात्रेत उधळलेला भंडारा झूमच्या रिंगेत शिरला की रिंग कचकच करायला लागते आणि सर्व्हिसशिवाय मोकळी होत नाही. लेन्सची रिंग आणि बॉडीचा सांधा पारदर्शक पिशवी आणि रबराने झाका, पण हवा बाहेर पडायची जाळी मोकळी ठेवा, नाहीतर कॅमेरा आतून तापतो. साफ करताना आधी ब्लोअर, मग ब्रश, शेवटी कापड. शर्टाच्या टोकाने पुसलं तर काळ्या मातीचा कण काचेवर ओरखडा काढतो.

रात्री घरी आल्यावर नुसत्या क्लिपा ओढू नका. कार्डावरचा पूर्ण फोल्डर जसाच्या तसा दोन वेगळ्या ड्राइव्हवर घ्या. लहान, ३२ जीबीपर्यंतच्या कार्डांवर लांब रेकॉर्डिंगचे ४ जीबीचे तुकडे पडतात आणि ते जोडण्याची माहिती बाकीच्या फायलींत असते. दोन्हीकडे फाइलींची संख्या आणि एकूण साइज जुळली, मधली एखादी क्लिप उघडून चालवली, की मगच फॉरमॅट. तोही कॉम्प्युटरवर नाही, कॅमेऱ्यातच. आणि सगळ्या चाचण्यांतून ठरलेली सेटिंग मेनूतून कार्डावर सेव्ह करून तिची एक प्रत मोबाइलमध्ये ठेवा. मदतीला आलेल्या पोराने कुठलं बटण दाबलं हे मंडपात शोधत बसण्यापेक्षा ती फाइल परत लोड करणं सोपं पडतं.