वाकड्या कडेला पेव्हिंग ब्लॉक बसवताना

अंगणात ब्लॉक बसवून झाले की मधला भाग सगळ्यांचा सारखाच दिसतो. काम कोणी मन लावून केलंय ते कळतं कडेला: जोत्याशी, पाराशी, चेंबरच्या झाकणाशी. तिथे बोटभर रुंदीच्या चिपा कोंबून वर सिमेंट फासलेलं असेल तर एका पावसाळ्यात त्या हलायला लागतात, पुढच्या पावसाळ्यात निघून येतात. दोष बहुतेक वेळा कटर चालवणाऱ्याच्या माथी मारला जातो. खरं तर पहिला ब्लॉक कुठे ठेवायचा हे ठरवलं नाही, तिथेच काम बिघडलेलं असतं.

साताऱ्याच्या जुन्या पेठांत जोतं काळ्या दगडाचं, मागची भिंत नंतर कधीतरी बांधलेली, आणि बोळ उताराचा. चौरस जागा मिळतच नाही. सांगली-मिरजेकडे प्लॉट बरेचदा चौकोनी असतात, पण खाली काळी माती असते. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि सरळ बसवलेली कडही वर्षभरात वाकडी करते. पहिली अडचण आखणीची, दुसरी पायाची.

आधी दोरी, मग ब्लॉक

सरळ रेषा भिंतीवरून घ्यायची नाही. मुख्य दारासमोर किंवा जिथून माणूस आत येताना बघतो त्या बाजूला दोरी ताणायची आणि ३-४-५ फुटांच्या त्रिकोणाने (एका बाजूला ३, दुसऱ्या बाजूला ४, तिरकं अंतर ५ फूट) काटकोन काढायचा. गुण्या, म्हणजे गवंड्याचा काटकोन, लहान असतो, लांब दोरीला त्याचा भरवसा नाही. मग त्या दोरीपासून समोरच्या वाकड्या कडेपर्यंत दर दोन फुटांवर माप घेऊन खडूने तिथेच जमिनीवर लिहून ठेवायचं.

उदाहरण घेऊ. अंगण ४० फूट लांब, फाटकाशी १८ फूट रुंद, मागे १७ फूट २ इंच. फरक १० इंचांचा, म्हणजे दर फुटाला दोन सूत (पाव इंच). ब्लॉक २०० बाय १०० मिमीचा, लांबी अंगणाच्या लांबीला धरून ठेवला, तर एक ओळ सांध्यासकट १०३ मिमी, अंदाजे ४ इंच. म्हणजे अडीच ओळी वाटेतच संपणार. एक ओळ पूर्ण रुंदीपासून शून्यावर यायला १६ फूट लागतात आणि त्यातल्या शेवटच्या ५ फुटांहून जास्त लांबीत तिची रुंदी ब्लॉकच्या एक तृतीयांशाखाली असते. चिपा तयार होतात त्या इथे.

एक तृतीयांशापेक्षा लहान तुकडा बसवायचाच नाही, हा नियम मोडू नका. एवढ्याशा तुकड्याला चाकाचा भार पेलत नाही आणि शेजारच्या सांध्यातली वाळूही त्याला धरून ठेवत नाही. त्या ५ फुटांत शेवटची पूर्ण ओळ आणि चिप, दोन्ही सोडून द्या. दोन्हींची मिळून रुंदी १०३ ते १३६ मिमी होते. तिथे ब्लॉक फिरवून त्याची २०० मिमीची बाजू कडेकडे करा आणि हवा तेवढा कापा. एकाच तुकड्यात काम भागतं. उरलेला ६०-९५ मिमीचा भाग टाकू नका, फाटकाजवळ जिथे ओळ रुंद आहे तिथे कामाला येतो. ओळी कडेला आडव्या येत असतील आणि शेवटी ३० मिमी उरत असेल, तर आधीचा पूर्ण ब्लॉक काढून त्या २३० मिमीत सारखे दोन तुकडे घाला, प्रत्येकी साधारण ११३ मिमीचे. फक्त शेजारच्या ओळीच्या सांध्यासमोर सांधा येऊ देऊ नका, ५० मिमीचं तरी अंतर राहिलं पाहिजे.

सगळं वाकडेपण एकाच बाजूला ढकला, शक्यतो कंपाउंडकडे किंवा जिथे कुंड्या ठेवणार तिकडे. दोन्ही बाजूंना अर्धं अर्धं वाटलं की दोन्ही बाजू वाकड्या दिसतात आणि कापकाम दुप्पट होतं.

कडेची पट्टी

वाकड्या भिंतीला थेट कापलेला ब्लॉक टेकवू नका. आधी कडेने पूर्ण ब्लॉकची एक ओळ फिरवा आणि मधले ब्लॉक तिच्यापर्यंत कापा. नजर त्या ओळीवरून सरकते, कापलेली बाजू झाकली जाते. झिगझॅग किंवा आय आकाराचा ब्लॉक निवडला असेल तरी ही कडेची ओळ साध्या विटेच्या आकाराच्या ब्लॉकची घ्या, नाहीतर दातांच्या मधल्या खाचा भरत बसावं लागतं. झिगझॅगचे तयार अर्धे तुकडे कारखान्याकडे असतील तर ते ऑर्डरीसोबतच मागवा. नंतर आणले की रंग जुळत नाही.

जुन्या दगडी जोत्याला ही ओळही चिकटवायची नाही. जोत्याचा सगळ्यात पुढे आलेला दगड शोधायचा, त्याच्यापुढे दोन इंच दोरी मारायची. मागच्या फटीत बारीक खडीचं १:२:४ (सिमेंट, वाळू, खडी) काँक्रीट, वरून बाहेरच्या बाजूला ढाळ देऊन. जोत्याचा दगड उभ्यातही कललेला असू शकतो, तेव्हा माप ब्लॉकच्या उंचीलाच घ्या. कंबरेच्या उंचीवरून घेतलेलं माप हमखास फसवतं.

खूण कशी करायची

टेपने मोजून खूण केली तर दर दहात दोन तुकडे चुकतात. त्यापेक्षा लाकडाची एक पट्टी कापून घ्या. तिची लांबी म्हणजे ओळीच्या दिशेने ब्लॉकची लांबी अधिक दोन सांधे: २०० अधिक ३ अधिक ३, एकूण २०६ मिमी. कापायचा ब्लॉक शेवटच्या पूर्ण ब्लॉकवर बरोबर ठेवा. पट्टीचं एक टोक कडेच्या ओळीला लावा, दुसऱ्या टोकाशी पेन्सिल धरा आणि कडेने सरकवत जा. ब्लॉकवर जी रेघ उमटते तीच कापायची. कडेपासून लांबचा भाग ठेवायचा, कडेकडच्या भागावर फुली मारायची. तो तुकडा न फिरवता तसाच पुढे सरकवला की कापलेली बाजू कडेला येते.

इथे एक चूक सर्रास होते. पट्टी कायम ओळीच्या दिशेतच धरायची असते, कड कितीही तिरकी किंवा गोल असो. हात नकळत कडेच्या काटकोनात वळतो आणि तुकडा आखूड होतो. आखूड तुकड्यावर इलाज नाही, म्हणून पहिल्या पाच-सहा तुकड्यांना सूतभर जास्त ठेवून अंदाज घ्या.

लांबच लांब तिरकी कड असेल तर वेगळी पद्धत बरी. ब्लॉक रेषेच्या पलीकडे जाऊ द्यायचे, वरून रंगाची दोरी मारायची, प्रत्येक ब्लॉकला नंबर टाकायचा, मग उचलून बाजूला कापायचे. बसवलेल्या जागीच कापू नका. खालची वाळू उकरली जाते आणि शेजारच्या ब्लॉकवर चरे पडतात.

कापणं

चार इंची ग्राइंडरचं डायमंड ब्लेड एका बाजूने तीन सेंटीमीटरच्या आसपास जातं. ६० मिमी जाडीचा ब्लॉक त्याने दोन्ही बाजूंनी कापावा लागतो आणि खूण खालच्या बाजूलाही उतरवावी लागते. सात इंची मशीन असेल तर बहुतेक काम एकाच बाजूने होतं. ८० मिमीला मात्र पलटवावंच लागतं. कापताना ब्लेड किंचित आतल्या बाजूला कलतं धरा, म्हणजे तुकडा खाली दोन मिमी आखूड राहील. वरची कड घट्ट बसते, खाली वाळूचा खडा अडकून तुकडा उचलला जात नाही.

तुकड्याला एल आकाराची खाच घ्यायचा मोह टाळा. खाचेच्या आतल्या कोपऱ्यातून तडा जातोच. त्याऐवजी दोन वेगळे तुकडे करा.

सिमेंटची कोरडी धूळ फुफ्फुसात साठते, त्यातल्या सिलिकाने सिलिकॉसिस होतो आणि तो बरा होत नाही. नाकाला बांधलेला रुमाल इथे उपयोगाचा नाही. एन-९५ मास्क, डोळ्याला गॉगल आणि ब्लॉक आधी बादलीत भिजवलेले, एवढं तरी हवं. पाणी आणि वीज एकत्र आल्यावर अर्थिंग आणि ईएलसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) नसलेल्या बोर्डाला मशीन लावू नका. कापल्यावर निघालेला राडा लगेच धुवा, वाळला की लाल ब्लॉकवर पांढरा डाग कायमचा राहतो.

पार, वृंदावन आणि चेंबर

गोल कडेचं गणित आधी केलं तर हात कमी चालतो. विटेच्या आकाराचा ब्लॉक उभा, म्हणजे १०० मिमीची बाजू पाराकडे ठेवून गोल फिरवला, तर बाहेरच्या टोकाला सांधा उघडतो. तो ६ मिमीच्या आत ठेवायचा असेल तर त्रिज्या २३ फूट तरी हवी. एवढा मोठा गोल घरच्या अंगणात नसतो. पाराची त्रिज्या ९०० मिमी, जवळजवळ तीन फूट धरा. मग बाहेरच्या परिघावर ६७ ब्लॉक लागतात आणि प्रत्येकाचं आतलं टोक १०० ऐवजी ८१ मिमी करावं लागतं, दोन्ही बाजूंनी नऊ-नऊ मिमी. ब्लॉक अर्धा करून १०० बाय १०० चा घेतला तर ६१ नग पुरतात आणि प्रत्येक बाजूने पाचच मिमी कापावं लागतं. पत्र्याचा एक साचा करून सगळे त्याच्यावरच आखा. तुळशी वृंदावन अष्टकोनी असेल तर गोल फिरवू नका, प्रत्येक बाजूला सरळ ओळ घेऊन कोपऱ्यात साडेबावीस अंशांचे दोन काप जुळवा.

झाडाच्या बुंध्याला ब्लॉक भिडवू नयेत. दोन-तीन फूट माती मोकळी ठेवा, नाहीतर मुळं ब्लॉक उचलतात आणि झाडाला पाणीही मिळत नाही.

चेंबरच्या गोल झाकणाभोवती चंद्रकोरीसारखे तुकडे कापत बसणं म्हणजे फुकटची मेहनत. झाकणाभोवती ओळींना समांतर चौकोनी काँक्रीटची चौकट ओता, ब्लॉकच्या मापाच्या पटीत. मग बहुतेक ब्लॉक न कापताच बसतात.

कड धरून ठेवणं

कितीही सुबक कापलं, तरी कड बाहेर सरकली की सांधे उघडतात. मोकळ्या बाजूला सहा इंच रुंद, सहा इंच खोल काँक्रीट घालून ते ब्लॉकच्या अर्ध्या उंचीपर्यंत चढवा. वर आलेल्या काँक्रीटवर पुन्हा माती टाकता येते. मुरमाचा थर ब्लॉकच्या कडेच्या सहा इंच बाहेरपर्यंत गेला पाहिजे. तो कडेलाच संपला तर शेवटची ओळ खाली बसते. काळ्या मातीत एक ते दीड फूट माती काढून मुरूम भरा, पाणी मारून सहा-सहा इंचांच्या थरांत धुम्मस करा. कृष्णेचं पाणी २००५, २०१९ आणि २०२१ साली शिरलं तशा भागात तर कड काँक्रीटमध्ये धरलेली हवीच. ओसरणारं पाणी मोकळ्या कडेतूनच वाळू ओढून नेतं.

ढाळ दर दहा फुटांना दोन इंच. उताराच्या बोळात खालच्या टोकापासून सुरुवात करून वर जा, वरून खाली आलात तर ब्लॉक सांधे सोडून घसरतात.

वाळूचा थर दाबून ३० मिमी. हजार चौरस फुटांना जवळजवळ एक ब्रास (१०० घनफूट) होते, सैल वाळू म्हणून सव्वा ब्रास मागवा. क्रश सँड चालते, पण धुतलेली. भुकटी जास्त असली की ती पाणी धरते, चाकाखाली चिखल होऊन सांध्यातून वर येतो. कड वाकडी आहे म्हणून तिथे वाळू जाड टाकून पातळी सांभाळू नका. खळगा असेल तर तो मुरमानेच भरायचा.

दुचाकी-चारचाकीच्या अंगणाला ६० मिमीचा, एम-३५ प्रतीचा ब्लॉक पुरतो. पेव्हिंग ब्लॉकच्या भारतीय मानकात, आयएस १५६५८ मध्ये, हलक्या वाहतुकीला तोच आहे. चौरस मीटरला ५० नग लागतात. चौकोनी जागेत ३ ते ५ टक्के जास्त घ्या, वाकड्या कडेला ८ ते १०, तिरक्या मांडणीला १५ पर्यंत.

ब्लॉक दाबायचं कंपॅक्टर मशीन फिरवताना काँक्रीटने न धरलेल्या कडेपासून एक मीटर आत राहा. कापलेले तुकडे फळी ठेवून रबरी हातोडीने बसवा. ब्लॉक दाबण्याआधी पाच मिमी वर असावेत, आणि गटाराशी दाबल्यावरही पाच मिमी वरच राहावेत.

फरशीचं तेवढं वेगळं

पोर्चच्या टाइल्सलाही खूण करायची पद्धत हीच. फक्त ब्लेड सलग कडेचं, दात नसलेलं. टाइलच्या वरच्या बाजूने, चिकटपट्टी लावून कापा. नळाच्या पाइपसाठी भोक पाइपपेक्षा दहा मिमी मोठं घ्या. भिंतीशी पाच ते आठ मिमी फट सोडा, ती स्कर्टिंगखाली, म्हणजे भिंतीच्या तळाच्या पट्टीखाली जाते. टाइल भिंतीला घट्ट टेकवली की उन्हाळ्यात मधूनच उचलते आणि पोकळ वाजायला लागते.

पुन्हा ब्लॉककडे येऊ. त्यांच्या सांध्यात वाळू पूर्ण कोरडीच झाडायची, अडीच मिमीच्या चाळणीतून गाळलेली. ती खाली बसत जाते. दोन-तीन आठवड्यांनी कडेच्या तुकड्यांशी पुन्हा एकदा झाडा, कारण सांधे पहिल्यांदा रिकामे होतात ते तिथेच. ब्लॉकचं सगळं काम दिवाळीनंतर काढा, म्हणजे जूनमधला पहिला मोठा पाऊस येईपर्यंत सांधे भरून घट्ट झालेले असतात.