घडीची कयाक घेण्याआधी ती कशी पारखावी

सिएटलमध्ये आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. लिफ्ट नाही, गाडी लहान, टपावर कॅरिअर नाही, आणि ग्रीन लेक हे तळं मात्र दहा मिनिटांवर. म्हणून चार वर्षांपूर्वी घडीची कयाक घेतली, म्हणजे वल्ह्याने चालवायची, घडी घालून नेता येणारी अरुंद छोटी होडी. अलीकडे ओळखीतले बरेच जण "कुठली घेऊ?" विचारतात. कुठली ते ज्याच्या त्याच्या अंगावर आणि पाण्यावर ठरतं. कशी पारखायची, ते सांगते.

आधी जात ओळखा. जुनी जात म्हणजे लाकडी किंवा अ‍ॅल्युमिनियमचा सांगाडा आणि त्यावर ताणून बसवलेलं कापड. जर्मनीतल्या क्लेपर कंपनीच्या अशाच होडीतून हान्नेस लिंडेमान यांनी १९५६ साली ७२ दिवसांत अटलांटिक ओलांडला. ती मजबूत, पण जोडायला वेळ खाते. नवी जात कागदाच्या होडीसारखी दुमडायची. तिचा पत्रा पन्हळी पॉलिप्रॉपिलीनचा, म्हणजे आपल्याकडे दुकानांच्या पाट्यांना सनपॅक शीट वापरतात त्याच प्रकारचा. तळ्यावर दोन-तीन तास हिंडायचं असेल, तर ही पुरते. माझी हीच आहे.

कंपनीने छापलेलं वजन वाचून थांबू नका. माझी नुसती कयाक नऊ किलो. वल्हं, लाइफ जॅकेट, पाणी आणि डबा धरून खांद्यावर तेरा-चौदा किलो येतात. दुकानात एवढं ओझं घेऊन दोन जिने चढून बघा. विमानाने न्यायचा विचार असेल तर खोक्याची लांबी, रुंदी, उंची मोजून बेरीज करा. बऱ्याच विमान कंपन्यांची नेहमीच्या सामानाची मर्यादा १५८ सेंटिमीटर आहे. माझं खोकं त्यात बसत नाही, हे मला तिकीट काढल्यावर कळलं.

जोडणी स्वतःच्या हाताने करून बघा, विक्रेत्याला करू देऊ नका. मला पहिल्यांदा चाळीस मिनिटं लागली, आता बारा लागतात. नवा पत्रा ताठ असतो आणि थंडीत तो आणखी हट्टी होतो. सेकंडहँड घेत असाल तर प्रत्येक दुमडीवरून बोट फिरवा, भेग लागते का बघा. पट्टे आणि बकलं ओढून बघा. मग आत बसा. पाय पुढे टेकतात का? पाठीचा टेकू घसरतो का? वीस मिनिटं बसल्याशिवाय हे कळत नाही.

पाण्यावर दोन गोष्टी बघा. एक, जोरात वल्हवून एकदम थांबा. लांबीला आखूड आणि पसरट होडी लगेच एका बाजूला तोंड फिरवते. थोडी फिरली तर चालेल, गर्रकन फिरली तर दूरच्या फेरीत हात भरून येतील. दुसरं, वारा असताना वल्हं मांडीवर ठेवून दोन मिनिटं नुसतं बसा. सांगलीला कृष्णेत आम्ही ज्या लाकडी नावेतून पलीकडे जायचो, ती वाऱ्याला दाद देत नसे. ही पानासारखी वाहत जाते. म्हणून मी जाताना वाऱ्याच्या तोंडावर निघते, म्हणजे दमल्यावर परतीला वारा पाठीशी असतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि नेमकं हेच कोणी करत नाही. उन्हाळ्यात, छातीभर पाण्यात, सोबत माणूस ठेवून कयाक मुद्दाम उलटी करा. पॉलिप्रॉपिलीन पाण्यापेक्षा हलकं असतं, त्यामुळे पत्रा बुडत नाही. पण आत पाणी भरलं की ती होडी तुम्हाला पेलत नाही. माझ्या होडीत हवाबंद कप्पे नाहीत. पहिल्या प्रयत्नात मी तीनदा चढायला गेले, तिन्ही वेळा ती पुन्हा उलटली. दुसऱ्याच दिवशी पुढच्या-मागच्या टोकांत बसणाऱ्या हवेच्या पिशव्या आणि पाणी उपसायचा हातपंप घेतला. या दोन वस्तू किमतीत धरूनच हिशोब करा.

लाइफ जॅकेट अंगात हवं. वॉशिंग्टन राज्याचा कायदा मोठ्यांना ते नुसतं होडीत ठेवायला सांगतो, पण इथलं पाणी मे महिन्यातसुद्धा इतकं गार असतं, की पडल्या पडल्या श्वास अडकतो. तेव्हा जॅकेट शोधून घालायला हात चालत नाहीत. वजनाची छापील मर्यादाही शेवटच्या किलोपर्यंत वापरू नका. मी सामानासकट दोन तृतीयांशावर थांबते.

घरी जागा आहे का, हेही आधीच बघा. ओली कयाक घडी करून ठेवली की दुमडींत बुरशी धरते. मी आल्यावर स्पंजने पाणी टिपते, ती बाल्कनीत अर्धवट उघडून उभी करते आणि सकाळी घडी घालते. तेवढी बाल्कनी नसेल, तर न्हाणीघराची लांबी मोजून घ्या.