घरगुती व्हॉइसओव्हरसाठी पोर्टेबल बूथ कसा वापरावा
पोर्टेबल बूथ, म्हणजे मायक्रोफोनभोवती ठेवायची, आतून फोम लावलेली व समोरून उघडी छोटी पेटी, बाहेरचा गोंगाट अडवत नाही, तो केवळ भिंतींवरून परतणारा आवाज काही प्रमाणात शोषतो. म्हणून फ्रिजपासून दूरची खोली निवडून पंखा बंद करावा. मायक्रोफोन बूथमध्ये अगदी आत खोचू नये, कारण पातळ फोम खर्जातला आवाज शोषत नाही आणि बोलणे डब्यातून आल्यासारखे घुमते. तो बूथच्या तोंडाशी ठेवून ओठांपासून सुमारे 15 ते 20 सेंटिमीटर अंतर राखावे. बहुतेकांकडून दुर्लक्षित राहते ती बोलणाऱ्याच्या पाठीमागची भिंत: कार्डिऑइड (मुख्यतः समोरचा आवाज टिपणाऱ्या) मायक्रोफोनचा रोख बोलणाऱ्याकडे असल्याने तिच्यावरून परतणारा आवाज थेट त्यात शिरतो, तेव्हा तिथे जाड गोधडी टांगावीच. सर्वांत मोठ्याने म्हणायचे वाक्य बोलून पाहावे आणि रेकॉर्डिंगच्या मीटरवर पातळी उणे 6 डेसिबलच्या वर जाणार नाही इतपतच गेन (मायक्रोफोनचा आवाज वाढवण्याचे प्रमाण) ठेवावा.