ब्रुसेल्सचा पत्ता: पोस्टकोडवरून नगरपालिका ठरवताना या चुका टाळा

बेल्जियममध्ये शिकायला किंवा नोकरीसाठी जाणाऱ्या मराठी मंडळींचा कागदपत्रांतला पहिला घोळ पुष्कळदा पत्त्यापाशीच होतो. चार आकडी पोस्टकोड कळला म्हणजे नगरपालिकाही कळली, हा समज त्याच्या मुळाशी असतो. ब्रुसेल्समध्ये हा समज बहुतेक वेळा खरा ठरतो आणि नेमका म्हणूनच तो धोक्याचा आहे.

ब्रुसेल्स राजधानी प्रदेशात 19 स्वतंत्र नगरपालिका आहेत. प्रत्येकीचा महापौर वेगळा, कार्यालय वेगळे आणि रहिवाशांची नोंदवहीही वेगळी. ज्याला आपण सरसकट ब्रुसेल्स म्हणतो ते 'ब्रुसेल्स शहर' या 19 पैकी फक्त एक आहे. 1180 म्हणजे उक्ल, 1070 म्हणजे अँडरलेख्ट, इथपर्यंत सारे सरळ असते. मात्र ब्रुसेल्स शहर एकट्या 1000 मध्ये मावत नाही. 1020 लाकेन, 1120 नेडर-ओव्हर-हेमबेक आणि 1130 हारेन हे भागही त्याच नगरपालिकेत येतात.

खरी फसगत होते ती 1050 आणि 1040 या क्रमांकांशी. 1050 हा इक्सेल या शेजारच्या नगरपालिकेचा क्रमांक म्हणून ओळखला जातो. परंतु अव्हेन्यू लुईझ हा रुंद रस्ता शहरापासून ब्वा द ला कांब्रच्या वनराईपर्यंत नेण्यासाठी ती पट्टी 1864 मध्ये ब्रुसेल्स शहराला जोडण्यात आली, आणि इक्सेलला मधोमध चिरत जाणाऱ्या या रस्त्याचा बहुतेक भाग 1050 हा क्रमांक लावूनही आजतागायत ब्रुसेल्स शहरातच मोडतो. युरोपीय संस्थांच्या परिसरातही तसेच आहे: 1040 म्हटले की एटरबेक ही नगरपालिका आठवते, पण त्या क्रमांकाचे काही रस्ते ब्रुसेल्स शहराचे आहेत.

याची झळ नावनोंदणीच्या वेळी बसते. दीर्घ मुदतीच्या व्हिसावर आलेल्या माणसाने आठ कामकाजाच्या दिवसांत आपल्या नगरपालिकेत नोंद करायची असते आणि चुकीच्या कार्यालयात वेळ घेतली की ते दिवस हातातून निसटतात. म्हणून भाडेकरार करतानाच घरमालकाला नगरपालिका कोणती हे स्पष्ट विचारावे, आणि रस्त्याचे नाव व घर क्रमांक देऊन कार्यालयाकडून खात्री करून घ्यावी. नगरपालिकेच्या संकेतस्थळाने पत्ता नाकारला, तर अर्ज पुढे सरकावा म्हणून पोस्टकोड बदलू नये. अशा वेळी पोस्टकोड बहुधा बरोबर असतो आणि आपण अर्ज भलत्याच नगरपालिकेकडे करत असतो. नोंदणीनंतर स्थानिक पोलीस पत्ता पडताळायला घरी येतात, तेव्हा दारावरच्या घंटीपाशी आणि टपालपेटीवर आपले नाव असायलाच हवे. पत्त्यात पेटीचा क्रमांक (एकाच इमारतीतील घरे वेगळी ओळखण्यासाठीचा टपालपेटीचा क्रमांक) असल्यास तोही घर क्रमांकानंतर न विसरता लिहावा.

ल्युव्हेन या विद्यापीठाच्या शहरात गोष्ट उलटी आहे. 3000 ल्युव्हेन, 3001 हेव्हरले, 3010 केसेल-लो, 3012 विल्सेले आणि 3018 वेखमाल ही सगळी 1977 च्या मोठ्या विलीनीकरणापासून एकाच नगरपालिकेत आहेत. त्यामुळे हेव्हरलेत राहणाऱ्या विद्यार्थ्याने पत्ता 3001 चा लिहावा आणि नोंदणीला ल्युव्हेनच्या कार्यालयातच जावे. 1348 लुव्हँ-ला-नव्ह हे मात्र वेगळ्या प्रांतातले, फ्रेंचभाषक आणि पूर्णपणे निराळे शहर आहे. विद्यापीठांच्या नावांतील साम्यामुळे दोन्हींची गल्लत सहज होते, तेव्हा खोली ठरवण्यापूर्वी पोस्टकोड अवश्य पाहावा.

नावांच्या बाबतीत आणखी एक पथ्य पाळावे. मोन्स आणि बेर्खन ही एकाच शहराची फ्रेंच व डच नावे आहेत, तर 2800 मेखेलेन आणि 1830 माखेलेन ही दोन वेगळी गावे आहेत. शंका आली की इथे पोस्टकोडच निर्णायक ठरतो. झाव्हेन्टेमचा विमानतळ ब्रुसेल्सच्या नावाने ओळखला जात असला, तरी 1930 हा त्याचा क्रमांक फ्लेमिश ब्रॅबंट प्रांतातला आहे.

ग्राहकांच्या किंवा पाहणीच्या याद्या सांभाळणाऱ्यांनी पोस्टकोडला नगरपालिकेचा संकेतांक समजू नये. सांख्यिकी खात्याचे संकेतांक पाच आकडी आणि स्वतंत्र असतात. ब्रुसेल्स शहराचा 21004, तर इक्सेलचा 21009. शिवाय नगरपालिका विलीन होतात, तेव्हा पोस्टकोड बहुधा तेच राहतात. 1 जानेवारी 2025 रोजी बोर्सबेक अँटवर्पमध्ये सामील झाले, देशातील नगरपालिकांची संख्या 581 वरून 565 वर आली, आणि बोर्सबेकचा 2150 मात्र कायम राहिला. तुमची यादी त्या तारखेआधीची असेल, तर नगरपालिकेचा रकाना नव्याने भरून घ्या आणि पोस्टकोडचा आहे तसाच ठेवा.