जुनी गाडी दानात द्यायची असेल तर आधी ती विका, मग देणगी द्या

दारात उभी असलेली जुनी गाडी एखाद्या वृद्धाश्रमाला किंवा वसतिगृहाला देऊन टाकावी आणि त्याबद्दल आयकरात थोडी सूटही मिळावी, असा विचार आर्थिक वर्ष संपत आले की अनेक घरांत बोलून दाखवला जातो. इच्छा उत्तमच आहे, पण कायदा या बाबतीत स्पष्ट आहे. आयकर अधिनियम, १९६१ च्या कलम ८०जी खाली वजावट मिळते ती केवळ पैशाच्या रूपात दिलेल्या देणगीवर. गाडी, धान्य, कपडे, औषधे अशा वस्तुरूप दानाला, त्याची किंमत कितीही असली आणि संस्थेने त्याची रीतसर पावती दिली तरी, ही वजावट लागू होत नाही.

हा गैरसमज पसरण्याचे एक कारण म्हणजे अमेरिकेत स्थायिक झालेल्या नातेवाइकांचे अनुभव. तिथे करवर्ष ३१ डिसेंबरला संपते, गाडी थेट धर्मादाय संस्थेच्या हवाली करता येते आणि संस्थेने ती ५०० डॉलरहून अधिक किमतीला विकली तर सामान्यतः त्या विक्रीच्या रकमेइतकी वजावट दात्याला मागता येते. तो त्यांचा कायदा झाला. आपल्याकडे वर्षअखेर ३१ मार्चला येते आणि मार्गही वेगळा आहे : गाडी बाजारात विकायची, पैसे आपल्या बँक खात्यात घ्यायचे आणि तिथून ते संस्थेच्या खात्यात देणगी म्हणून भरायचे. या लेखातली कलमे आणि आयकराच्या फॉर्मचे क्रमांक ३१ मार्च २०२६ पर्यंतच्या देणग्यांचे आहेत. १ एप्रिल २०२६ पासून आयकर अधिनियम, २०२५ लागू होत असल्याने त्यापुढे हे क्रमांक बदलतात.

सूट आपल्याला मिळणार आहे का, हे आधी पाहा

कलम ८०जी ची वजावट फक्त जुन्या करप्रणालीत आहे. नवी करप्रणाली आता आपोआप लागू होते. जुनी हवी असेल तर ती मागून घ्यावी लागते. केवळ पगार किंवा निवृत्तिवेतन असणाऱ्यांना हा पर्याय आयकर विवरणपत्र भरताना निवडता येतो, तर व्यवसायाचे उत्पन्न असणाऱ्यांना त्यासाठी फॉर्म १०-आयईए भरावा लागतो. विवरणपत्र मुदतीत भरणे दोघांनाही आवश्यक आहे, कारण मुदत उलटल्यावर भरलेल्या विवरणपत्रात जुनी प्रणाली निवडता येत नाही आणि त्यासोबत देणगीची वजावटही जाते.

आर्थिक वर्ष २०२५-२६ पासून नव्या प्रणालीत १२ लाख रुपयांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर (भांडवली नफ्यासारखे विशेष दराचे उत्पन्न वगळता) कर शून्य होतो. अशा वाचकांनी केवळ देणगीच्या वजावटीसाठी जुन्या प्रणालीकडे वळण्यात काहीच अर्थ नाही. त्यांनी दान जरूर करावे, पण ते दान म्हणूनच करावे. ज्यांना घरभाडे भत्ता, गृहकर्जाचे व्याज, विमा हप्ते यांमुळे जुनी प्रणालीच सोयीची पडते, त्यांच्यासाठी पुढचा हिशेब आहे.

समजा, जुन्या प्रणालीप्रमाणे एखाद्याचे सकल उत्पन्न १८ लाख रुपये आहे आणि ८०सी (ठरावीक बचत व गुंतवणूक) आणि ८०डी (आरोग्य विमा) या कलमांखाली मिळून २ लाखांच्या वजावटी आहेत. उरलेल्या १६ लाखांच्या १० टक्के, म्हणजे १ लाख ६० हजार रुपये, ही बहुतेक धर्मादाय संस्थांना दिलेल्या देणगीची मान्य मर्यादा झाली. गाडी २ लाख २० हजारांना विकली आणि सगळी रक्कम मार्चमध्येच एका संस्थेला दिली, तरी हिशेबात १ लाख ६० हजारच धरले जातील, त्यांच्या ५० टक्के म्हणजे ८० हजारांची वजावट मिळेल आणि ३० टक्के दर व ४ टक्के उपकर धरून प्रत्यक्ष वाचणारा कर २४,९६० रुपये असेल. मर्यादेबाहेरचे ६० हजार त्या वर्षापुरते वाया जातात. ते पुढच्या वर्षात ओढता येत नाहीत. म्हणून १ लाख ६० हजार मार्चअखेर द्यावेत आणि उरलेले ६० हजार एप्रिलमध्ये, म्हणजे ते पुढच्या वर्षाच्या देणगीत धरले जातात. पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधी किंवा मुख्यमंत्री सहायता निधी यांना दिलेल्या रकमेवर मात्र १०० टक्के वजावट असून तिला ही १० टक्क्यांची मर्यादा नाही.

घरच्या वापराची गाडी ही वैयक्तिक वापराची वस्तू मानली जात असल्याने तिच्या विक्रीवर भांडवली नफ्याचा कर लागत नाही. गाडी व्यवसायाच्या खात्यावर घेऊन तिच्यावर घसारा (दरवर्षी घटणाऱ्या किमतीची वजावट) घेतला असेल तर गोष्ट वेगळी, आणि तेव्हा आपल्या सनदी लेखापालाला आधी विचारावे.

गाडी विकताना

या भागावर मी मुद्दाम जास्त लिहीत आहे, कारण खरा धोका करात नसून इथे आहे. गाडीची किल्ली दिली म्हणजे मालकी गेली असे होत नाही. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे की नोंदणी ज्याच्या नावावर आहे, तोच मोटार वाहन कायद्याच्या दृष्टीने मालक. गाडी पुढे दोन-तीन हातांत गेली असली तरी अपघाताच्या भरपाईची जबाबदारी नोंदलेल्या मालकावर येऊ शकते. सत्कार्यासाठी दिलेली गाडी उद्या कुणाच्या अपघाताला कारण ठरली आणि कागदोपत्री नाव आपलेच राहिले, तर दानाचे समाधान राहील बाजूला आणि कोर्टाच्या तारखा सुरू होतील.

गाडीवर कर्ज होते का, हे सर्वप्रथम आरसीवर (गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रावर) पाहावे. कर्ज फिटून वर्षे झाली तरी बँकेचा बोजा आरसीवर तसाच राहिलेला असतो. तो उतरवण्यासाठी बँकेचे ना-हरकत प्रमाणपत्र आणि फॉर्म ३५ लागतो. सरकारच्या ‘वाहन’ पोर्टलवर थकलेले ई-चलान पाहून भरून टाकावेत, पीयूसी (प्रदूषण तपासणी प्रमाणपत्र) आणि विमा चालू असल्याची खात्री करावी. १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या गाडीला उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसवून घ्यावी. गाडीला १५ वर्षे झाली असतील तर नोंदणीचे नूतनीकरण आणि पर्यावरण कर यांचा खर्च गाडीच्या किमतीच्या मानाने कितपत परवडतो, याचा विचार आधी करावा. तो परवडत नसेल तर सरकारमान्य स्क्रॅपिंग केंद्रात गाडी देऊन मिळणारी रक्कम देणगीत वळवणे अधिक शहाणपणाचे ठरते. तिथे गाडी जमा केल्याचे प्रमाणपत्र मिळते आणि नोंदणी रद्द झाल्याने मागे कसलीच जबाबदारी उरत नाही.

नाव बदलण्यासाठी फॉर्म २९ आणि फॉर्म ३० लागतात. फॉर्म २९ ही विकणाऱ्याने द्यायची सूचना असून राज्यातल्या राज्यात विक्री झाली तर ती १४ दिवसांच्या आत द्यायची असते. फॉर्म ३० वर दोघांच्याही सह्या लागतात. त्याच्यासोबत चासी नंबरची पेन्सिलने घासून काढलेली छापही लागते, ती गाडी ताब्यात असतानाच काढून ठेवावी. नागपुरात एमएच ३१ म्हणजे गिरीपेठचे शहर कार्यालय, एमएच ४९ पूर्व नागपूर आणि एमएच ४० नागपूर ग्रामीण, हे आपल्याला पाठच असते. ज्या कार्यालयात नोंद आहे तिथूनच सुरुवात करावी, आणि गाडी परराज्यात, विशेषतः सीमेपलीकडे छिंदवाडा किंवा शिवनीकडे जाणार असेल तर फॉर्म २८ वरचे ना-हरकत प्रमाणपत्र घेतल्याखेरीज ती सोडू नये.

कोरे फॉर्म सह्या करून कुणाच्याही हाती देऊ नयेत, मग तो दलाल कितीही ओळखीचा असो. जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याला गाडी देत असाल तर तो आरटीओकडून अधिकृत आहे का हे विचारा आणि त्याच्यासोबत फॉर्म २९सी, म्हणजे गाडी त्याच्या ताब्यात दिल्याची सूचना, पोर्टलवर भरा. १ एप्रिल २०२३ पासूनच्या नियमांप्रमाणे ही सूचना नोंदली गेली की पुढचा गिऱ्हाईक मिळेपर्यंत तो व्यापारीच कायद्याच्या दृष्टीने गाडीचा मानीव मालक ठरतो, म्हणजे मालक समजला जातो. खासगी गिऱ्हाईक असेल तर ताबा पावती करून घ्यावी. तिच्यात गाडीचा क्रमांक, चासी व इंजिन नंबर, किलोमीटरचा आकडा, ठरलेली किंमत, पैसे कोणत्या खात्यात आले ते आणि ‘दिनांक अमुक रोजी दुपारी अमुक वाजता गाडीचा ताबा घेतला, यापुढील अपघात, चलान व दंड यांची जबाबदारी माझी’ असे एक वाक्य असावे. तारखेसोबत वेळ लिहिण्याचा आग्रह धरावा, कारण त्याच दिवशीच्या चलानाचा वाद या एका ओळीने मिटतो. ही पावती आपसातला वाद मिटवते, पण नावबदलाची जागा घेत नाही.

फास्टॅग बंद करावा आणि विमा कंपनीकडून नो क्लेम बोनसचे (दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणाऱ्या सवलतीचे) पत्र घ्यावे. तो बोनस गाडीचा नसून तुमचा असतो आणि पुढच्या गाडीला तीन वर्षांच्या आत वापरता येतो.

संस्था निवडताना आणि पैसे देताना

संस्थेची ८०जी मान्यता चालू आहे की नाही, हे आयकर विभागाच्या पोर्टलवर स्वतः पाहावे. मान्यता ठरावीक वर्षांपुरतीच असते, त्यामुळे कार्यालयात लावलेल्या जुन्या चौकटीतल्या प्रमाणपत्रावर विसंबून चालत नाही. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांकडे झालेली नोंदणी ही वेगळी बाब आहे. ती असली म्हणजे ८०जी असतेच असे नाही.

२,००० रुपयांवरची रोख देणगी वजावटीला पात्र नसते, म्हणून रक्कम धनादेश, एनईएफटी किंवा यूपीआयने, स्वतःच्याच खात्यातून द्यावी. गिऱ्हाइकाला पैसे थेट संस्थेच्या खात्यात भरायला सांगण्याचा मोह टाळावा, कारण मग देणगीदार कागदोपत्री तोच ठरतो. ३१ मार्चची वाटही पाहू नये. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत रक्कम गेली की बँकेच्या अडचणींची चिंता राहत नाही. त्या बेताने गाडी विकायला जानेवारीतच काढावी.

पावतीवर संस्थेचे नाव, पत्ता, पॅन, ८०जी चा नोंदणी क्रमांक आणि तुमचा पॅन असावा. पावती पुरेशी मात्र नाही. संस्था ३१ मेपर्यंत फॉर्म १०बीडी मध्ये सर्व देणगीदारांचे विवरण आयकर विभागाला देते आणि त्यातून तुमच्या नावाचे फॉर्म १०बीई हे प्रमाणपत्र निघते. ते हातात आल्याखेरीज वजावट मागू नये, आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात आले नाही तर संस्थेला फोन करून विचारण्यात कमीपणा मानू नये. छोट्या संस्थांकडे या कामाला वेगळा माणूस नसतो, तेव्हा पैसे देतानाच नाव, पत्ता आणि पॅन स्वच्छ अक्षरात लिहून दिल्यास त्यांचेही काम सोपे होते.

गाडी घेऊन तिच्या किमतीची ‘देणगी पावती’ फाडून देतो असे कुणी सांगितले तर तिथून उठून यावे. पैसे न देता घेतलेली पावती ही खोटी पावती आहे. तसेच संस्थेला देणगी द्यायची आणि त्याच पैशातून संस्थेने आपलीच गाडी विकत घ्यायची, ही युक्तीही करू नये; त्याने संस्थेची करसवलतच धोक्यात येऊ शकते.

संस्थेला खरोखर गाडीच हवी असेल तर

असेही होते. गावाबाहेरच्या वसतिगृहाला मुलांना दवाखान्यात न्यायला किंवा बाजारहाट करायला वाहन लागते. तेव्हा वजावटीचा विचार सोडून गाडी द्यावी, पण आधी संस्थेला मोकळेपणाने विचारावे : चालक आहे का, वर्षाचा विमा आणि दुरुस्ती परवडेल का? दहा-बारा वर्षांची गाडी वर्षाकाठी जे खाते, ते एखाद्या लहान संस्थेच्या अंगावर पडले तर दानाचे ओझे होते. संस्था तयार असेल तर विश्वस्तांचा ठराव, दानपत्र आणि संस्थेच्या नावाने फॉर्म २९ व ३० हे सगळे विक्रीइतक्याच काटेकोरपणे करावे. विमाही १४ दिवसांत संस्थेच्या नावावर करून घ्यायला सांगावे. जमल्यास पहिल्या वर्षाच्या विम्याची रक्कम वेगळी देणगी म्हणून द्यावी. ती पैशात असल्याने तिला ८०जी लागू होते.

जुलैत विवरणपत्र भरताना ८०जी च्या तक्त्यात संस्थेचे नाव, पत्ता व पॅन आणि रोखीशिवाय दिलेली रक्कम १०बीई प्रमाणेच भरावी. त्याच बैठकीत वाहन पोर्टलवर गाडीचा क्रमांक टाकून मालकाच्या नावाची अक्षरे बदलली आहेत का तेही पाहावे, आणि अजून आपलेच नाव दिसत असेल तर फॉर्म २९ ची पोच आणि ताबा पावती घेऊन त्याच आठवड्यात आरटीओ गाठावे.