म्हैस किती सेकंदांत बसते?

संशोधनाच्या पहिल्या दिवशी तबेल्यातून परतले तेव्हा माझी वही भरलेली होती. भिवंडीच्या बाजूचा तबेला, पहाटेच्या धारेपासून दुपारपर्यंत मी दावणीसमोर स्टूल टाकून बसले होते. कळव्याला घरी येऊन नोंदी स्वच्छ अक्षरात उतरवल्या आणि दुसऱ्या दिवशी मार्गदर्शक बाईंना दाखवल्या. त्यांनी पेन्सिलीने चार शब्दांभोवती गोल केले: उदास, कंटाळलेली, शांत, घाबरलेली. मग विचारलं, "तू नक्की कोणती हालचाल पाहिलीस, म्हणून 'उदास' लिहिलंस?" मला उत्तर देता आलं नाही.

पशुकल्याणाच्या संशोधनात यायचं म्हणणारी मुलं-मुली मला बरेचदा भेटतात. बहुतेकांना जनावरांचा खरा कळवळा असतो आणि तो लागतोच. पण कळवळा काम सुरू करून देतो, पुढे मोजावं लागतं. ते कसं, हे मी एका साध्या गोष्टीवरून सांगते.

म्हैस किंवा गाय बसताना आधी पुढचा एक गुडघा वाकवते, मग दुसरा, मग मागचा भाग खाली सोडते आणि शेवटी अंगाखालचा पुढचा पाय बाहेर काढते. पहिला गुडघा वाकला की स्टॉपवॉच सुरू, पाय बाहेर आला की बंद. युरोपात 2004 ते 2009 या काळात 'वेलफेअर क्वालिटी' नावाचा मोठा प्रकल्प झाला. त्यातल्या दुभत्या गायींच्या तपासणी पद्धतीत कळपाची ही सरासरी 5.20 सेकंदांपर्यंत असली तर ठीक, 6.30 च्या वर गेली तर गंभीर अडचण, असं धरलं आहे. जागा अपुरी असेल, फरशी कडक किंवा निसरडी असेल, पाय दुखत असतील, तर जनावर बसायला वेळ लावतं. खाली मान घालून जमीन हुंगतं, एक पाय वाकवतं, पुन्हा उभं राहतं. हे एकदा डोळ्याला दिसू लागलं की दिसतच राहतं. कोणत्याही तबेल्यात गेले तरी आधी माझी नजर गुडघ्यांवर जाते.

एक सावधगिरी मात्र बाळगा. हे आकडे गायींचे आहेत, तेही तिकडच्या गोठ्यांतल्या. आपल्या मुऱ्हा म्हशीला ते जसेच्या तसे लावू नका. पद्धत घ्या, स्टॉपवॉच घ्या, पण तुलना आपल्याच म्हशींची आपल्याच म्हशींशी करा: फरशीवरच्या आणि रबरी मॅटवरच्या, लांब दाव्याच्या आणि आखूड दाव्याच्या.

याच कारणासाठी मी नव्या मुलांना कोंबड्यांची गोष्ट सांगते. 1965 साली ब्रिटिश सरकारच्या ब्रॅम्बेल समितीने पाळीव जनावरांच्या स्थितीवर अहवाल दिला. जनावराला निदान उभं राहता यावं, बसता यावं, वळता यावं, अंग साफ करता यावं, पाय ताणता यावेत, असं त्यात म्हटलं होतं. (आखूड दाव्याला बांधलेल्या म्हशीला यातलं वळणं दिवसभर जमत नाही, हे वाचल्यावर मी किती तरी वेळ पुढचं पान उलटलं नव्हतं.) त्याच समितीने असंही सुचवलं की पिंजऱ्याच्या तळाला बारीक षटकोनी जाळी नको, ती कोंबड्यांच्या पायांना त्रासदायक असणार, त्यापेक्षा जाड तारेची जाळी बरी. 1973 मध्ये ह्यूज आणि ब्लॅक या संशोधकांनी कोंबड्यांनाच निवड करू दिली. कोंबड्या बारीक जाळीवर जास्त राहिल्या, कारण तिथे पंजाला जास्त ठिकाणी आधार मिळत होता. समितीतली माणसं जाणकार होती, हेतू चांगला होता, तरी अंदाज चुकला. प्रश्न जनावराला विचारायचा असतो, आणि त्याला उत्तर देता येईल अशा रीतीने विचारायचा असतो. या विषयातली अर्धी हुशारी प्रयोगाची अशी मांडणी करण्यात जाते.

आता माझी चूक, कारण ती तुमच्याकडूनही होईल. बांधलेल्या म्हशीची चाल पाहता येत नाही. म्हणून लंगडेपणा वेगळ्या खुणांवरून ओळखावा लागतो: एक पाय वारंवार टेकवून उचलणं, वजन या पायावरून त्या पायावर टाकत राहणं, ओट्याच्या कडेवर खूर ठेवून उभं राहणं, बाजूला सरकवलं की एका पायावर भार द्यायला नाखूश असणं. मी दोन तबेल्यांत दोन महिने या नोंदी घेतल्या. एक तबेला धुतलेला, उजेडाचा, मालक चहा विचारणारे. दुसरा अंधारा, शेणाने माखलेला. माझ्या नोंदींत दुसऱ्या तबेल्यात लंगड्या म्हशी कितीतरी जास्त निघाल्या. बाईंनी तेच व्हिडिओ म्हशीमागचा तबेला झाकून, क्रम मिसळून मला पुन्हा पाहायला लावले. फरक निम्म्याहून कमी झाला. घाण तबेल्यातली म्हैस लंगडी असणारच, असं मी आधीच ठरवून बसले होते. दोन महिन्यांचं काम बाजूला ठेवावं लागलं आणि रडू आलं. आता नियम असा ठेवला आहे: व्हिडिओ कुठला हे माहीत नसलेल्या दोघांनी वेगवेगळ्या नोंदी करायच्या, त्या किती जुळतात ते मोजायचं (त्यासाठी कप्पा नावाचं माप आहे), आणि जुळत नसतील तर आधी व्याख्या सुधारायच्या. नोंदींसाठी तुरीन विद्यापीठात तयार झालेलं बोरिस हे मोफत सॉफ्टवेअर आहे, आकडेमोडीला आर (R) नावाची संगणकप्रणाली आहे. दोन्ही साध्या लॅपटॉपवर चालतात.

मालकांशी बोलणं ही वेगळी विद्या आहे. 'तुमच्या जनावरांचं कल्याण तपासायला आले' म्हटलं की दार बंद होतं. मी दुधापासून सुरुवात करते. गायीच्या कासेत धारेच्या वेळी साधारण पाचवा हिस्सा दूध खालच्या पोकळीत जमलेलं असतं, म्हशीच्या कासेत ते जेमतेम 5 टक्के असतं. बाकी सगळं वरच्या ग्रंथींत. म्हणजे म्हशीने पान्हा सोडल्याशिवाय हाती जवळजवळ काही येत नाही. पान्हा ऑक्सिटोसिन या संप्रेरकावर अवलंबून असतो, आणि भीती वाटली की अॅड्रेनलिन हे दुसरं संप्रेरक त्याच्या आड येतं. ओरडणारा, काठी आपटणारा माणूस धारेला बसला की दूध चढतं, हे प्रत्येक गवळ्याला पिढ्यान् पिढ्या माहीत आहे. विज्ञान त्याचं कारण सांगतं एवढंच. हे बोलणं झालं की मालक स्वतःच म्हशी दाखवू लागतात. भीती मोजायची चाचणीही सोपी आहे: गव्हाणीसमोर दोन मीटरवरून हात पुढे धरून सावकाश जायचं, सेकंदाला एक पाऊल, आणि म्हैस तोंड मागे घेईल तेव्हा हात आणि नाकपुडी यांतलं अंतर लिहायचं.

शिक्षणाचं थोडक्यात. बारावीनंतर 'नीट' ही प्रवेश परीक्षा देऊन पशुवैद्यकीय पदवी, साडेपाच वर्षांची, इंटर्नशिप धरून. आपल्याला सगळ्यात जवळचं परळचं मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय, 1886 सालचं. पुढे या विषयाचं बरंचसं काम 'पशुधन उत्पादन व्यवस्थापन' या विभागात चालतं, त्यामुळे विषयाच्या नावात 'कल्याण' शोधत बसू नका. कर्नालची एनडीआरआय (राष्ट्रीय दुग्ध संशोधन संस्था) आणि इज्जतनगरची आयव्हीआरआय (भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था) याही पाहा. माशांकडे ओढा असेल तर वर्सोव्याला सीआयएफई (केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था) आहे. ट्राउट माशाला इजा जाणवणारे मज्जातंतू असतात हे 2003 मध्ये दाखवलं गेलं, आणि मत्स्यशेतीत तपासण्यासारखं प्रचंड काम पडलं आहे. मी स्वतः प्राणिशास्त्राची. पशुवैद्य नसले तरी वर्तनाच्या अभ्यासात जागा आहे, पण आजार ओळखायला पशुवैद्य सोबत असावाच लागतो. जनावरांवर प्रयोग करायचा तर 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली नेमलेल्या सीसीएसईए या प्राणिप्रयोगांवर देखरेख ठेवणाऱ्या समितीच्या नियमांनुसार संस्थेच्या नैतिकता समितीची मंजुरी लागते. नुसतं निरीक्षण असलं तरी संस्थेच्या समितीला विचारून ठेवा, आणि मालकाची संमती लेखी घ्या.

एक गोष्ट कुणी आधी सांगत नाही. तबेल्यात रेडकं फार दिवस दिसत नाहीत. दूध विकायचं असतं, आणि रेडकाने प्यायलेलं दूध तोट्यात धरलं जातं. माझ्या पहिल्या तक्त्यात रेडकांसाठी रकानाच नव्हता, कारण अभ्यास दुभत्या म्हशींचा होता. दाव्याला बांधलेलं, कुशी आत गेलेलं एक पिल्लू मी तीन दिवस पाहिलं. चौथ्या दिवशी ते नव्हतं आणि माझ्या वहीत ते कुठेच नव्हतं. तेव्हापासून माझ्या प्रत्येक तक्त्यात रेडकांचे रकाने असतात: किती जन्मली, किती दिवस दिसली, आईजवळ किती वेळ होती. हा अभ्यास मालकांना नको असतो आणि मला तो सोडता येत नाही. तुम्हालाही असं काही दिसेल. घरी येऊन झोप लागणार नाही. कुणाशी तरी बोला, आणि दुसऱ्या दिवशी रकाना आखा.

हात बसवायला तबेल्याची वाट पाहायची गरज नाही. ठाण्याहून धीमी लोकल पकडून भायखळ्याला उतरा आणि राणीच्या बागेत जा. एकच प्राणी निवडा. आधी अर्धा तास नुसतं पाहून त्याच्या हालचालींची यादी करा, प्रत्येकीची व्याख्या एका ओळीत, भावनेचा एकही शब्द न वापरता. मग दर पाच मिनिटांनी, घड्याळ पाहून, त्या क्षणी तो काय करतो तेवढंच लिहा. दोन तासांत 24 नोंदी होतील. तोच प्राणी त्याच वाटेवर पुन्हा पुन्हा येरझाऱ्या घालत असेल तर किती नोंदींत ते आलं ते मोजा. जंगलात ज्यांचा वावर मोठ्या टापूत असतो त्या मांसाहारी प्राण्यांत बंदिवासात अशा येरझाऱ्या जास्त दिसतात, हे क्लब आणि मेसन या संशोधकांनी 2003 मध्ये दाखवलं. पुढच्या रविवारी त्याच वेळी पुन्हा जा, सोबत मित्राला न्या आणि दोघांनी एकमेकांच्या वहीत न डोकावता लिहा. परतीच्या गाडीत वह्या शेजारी ठेवून पाहा. पहिल्या वेळी माझ्या आणि मैत्रिणीच्या 24 पैकी 15 नोंदी जुळल्या होत्या.